कारवीचा मध : बाटलीवर काढणीचं साल नसेल तर परत ठेवा

हे परीक्षण दोन बाटल्यांचं आहे. एक भंडारदऱ्याच्या रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलेली, दुसरी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या बोळातल्या काष्ठौषधींच्या दुकानातली. दोन्हींवर ‘कारवीचा मध’ असंच लिहिलेलं. पहिलीला पाचपैकी एक तारा, तोही बाटली काचेची आणि पुन्हा लोणच्याला वापरता येईल अशी आहे म्हणून. दुसरीला साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते.

नावं दोघांचीही देत नाही. स्टॉलवाल्याचं दिलं तर एकट्यालाच धरल्यासारखं होईल. दुकानवाल्या काकांनी तर आपणहून बजावलं, “ताई, लिहा खुशाल, पण नाव टाकू नका. ज्याला खरंच हवाय तो विचारत विचारत येतो.”

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तपासणीत होते. त्यामुळे वस्तू हातात आली की आधी तिच्यावर काय छापलंय ते बघायचं आणि मग वस्तूकडे बघायचं, अशी सवय लागली आहे. घरचे वैतागतात. पण मधाच्या बाबतीत ही सवय फार कामाची आहे, आणि कारवीच्या मधाच्या बाबतीत तर छापील मजकूर वाचल्याशिवाय पैसे काढूच नयेत. का, ते समजायला कारवीचा स्वभाव माहीत हवा.

इगतपुरी, त्र्यंबक, भंडारदरा या पट्ट्यात पावसाळ्यात फिरलेल्या प्रत्येकाने कारवी पाहिलेली असते, ओळख तेवढी नसते. पायवाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेलं, मोठ्या खरखरीत पानांचं दाट रान असतं ना, तीच. मोठ्या झाडांच्या खाली, डोंगरउतारावर, एकीला एक खेटून वाढते. माणूस आत शिरला तर दोन हातांवरचा दिसत नाही. जिथे कारवी दाट आहे तिथे मुसळधार पावसातही उताराची माती जागची हलत नाही, म्हणून डोंगरातले जाणते लोक ती उगाच तोडू देत नाहीत. माझ्या आजोळी, इगतपुरी तालुक्यात, जुन्या घरांचे कूड कारवीच्याच काठ्यांचे होते. काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या, झाली भिंत. उन्हाळ्यात त्या घरात पंख्याची आठवण यायची नाही.

तर ही कारवी वाढते कशी? एका उतारावरचं बी एकाच पावसाळ्यात रुजतं, त्यामुळे अख्खं रान एका वयाचं असतं. पावसात हिरवंगार. दिवाळी उलटली की पानं वाळायला लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये बघाल तर नुसत्या काटक्या उभ्या. नवखा माणूस म्हणेल, मेलं हे सगळं. पण पहिला वळीव झाला, जून लागला, की त्याच काटक्यांना पालवी. असं करत दर वर्षी थोडी उंच होते, खोड गाठाळ होत जातं. सहा-सात वर्षं हाच क्रम, आणि एवढ्या काळात फुलाचं नाव नाही.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या बगलेत तुरे दिसायला लागतात. तुऱ्यांवर चिकट लव असते, हात लावला तर उग्र वास बोटांना चिकटून घरापर्यंत येतो. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर फुलांचा जोर, मागे रेंगाळलेली झाडं ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे गणपतीपासून दसऱ्यापर्यंत धरा. फूल जांभळट निळं, चांगलं मोठं, तोंड उघडं. सगळा उतार एकदम फुलतो. आणि फुलून बी धरलं की झाड मरतं. फांदी छाटून, खत घालून ते वाचत नाही, दुसऱ्यांदा फुलणं त्याच्या नशिबातच नाही. बोंडं वाळक्या झाडावर महिनोन्‌महिने तशीच राहतात, पुढच्या पावसाची ओल लागली की तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं. त्या बियांपासून पुन्हा पहिलीपासून शाळा.

इतकी वर्षं थांबून सगळ्यांनी एकदम फुलण्यात झाडाचा काय फायदा? वनस्पतीशास्त्राची माणसं एक कारण देतात ते मला पटतं. दर वर्षी थोडं थोडं बी धरलं तर किडे, उंदीर, पाखरं ते संपवून टाकतील. सात-आठ वर्षांतून एकदाच पण प्रचंड बी धरलं तर खाणारे खाऊन खाऊन किती खाणार, उरलेलं रुजतं. बांबूचंही असंच असतं.

‘सात वर्षांनी फुलते’ हे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण सातचा आकडा पंचांगासारखा धरू नये. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे हिशोब आठ वर्षांचा झाला. तिच्याच गोतातली मुन्नारकडची नीलकुरिंजी बारा वर्षांनी येते. २००६ला आली, २०१८ला आली, आता २०३०. कासच्या पठारावर जी दिसते ती टोपली कारवी वेगळी, बुटकी, उघड्या पठारावर टोपली पालथी घातल्यासारखी वाढणारी. ग्राहकाने या दोन कारव्यांची गल्लत केली तर हरकत नाही, विकणाऱ्याने करू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. सगळा सह्याद्री एकाच वर्षी फुलत नाही. या खोऱ्याची कारवी यंदा, तर डोंगरापलीकडच्या खोऱ्याची दोन वर्षांनी, असं असू शकतं. शिवाय एखादं चुकार झाड अवेळीही फुलतं. म्हणून ‘माझ्याकडे कारवीचा मध आहे’ असं कोणी कोणत्याही वर्षी म्हटलं तर तेवढ्यावरून तो खोटारडा ठरत नाही. पण मग पुढचा प्रश्न विचारायचा : कोणत्या डोंगराचा, कोणत्या सालचा? खऱ्या माणसाला याचं उत्तर तोंडपाठ असतं, कारण ते साल त्याने वाट बघून काढलेलं असतं.

स्टॉलवर हेच विचारलं.

“यंदाचा आहे का?”

“एकदम ताजा, मॅडम.”

“आणि गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षी पण होता. आपल्याकडे बारा महिने कारवी.”

बारा महिने कारवी! मी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. लेबलवर पिवळ्या फुलांचा फोटो होता. ती सोनकी. पावसाळ्याच्या शेवटी कड्यांवर, बांधांवर पिवळे गालिचे दिसतात ते सोनकीचे, आणि कारवीशी तिचं काही नातं नाही. पॅकिंगची तारीख होती, मध कधी काढला ते नव्हतं. गावाचं नाव नव्हतं. परवान्याचा नंबर होता, पण मोजले तर एक आकडा कमी. अन्न परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो, हे घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरही बघता येईल. तरीही घेतली. तुलनेला काहीतरी हवं होतं आणि किंमतही फार नव्हती, किलोला तीनशे.

चव सांगायची तर गोड. बस्स, तेवढंच. जिभेवर ठेवला, गोड लागला, गिळला, संपलं. मागे काही उरलं नाही. रंग दिसायला सुरेख, सोनेरी, आरपार. चमच्यावरून अखंड तार पडते. लोक या तारेला फार भुलतात.

रविवार कारंजाच्या दुकानाची तऱ्हा उलटी. बाहेर पाटी जुनी, आत हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा यांचे डबे आणि सगळ्यांचा मिळून येणारा वास. मधाची मागणी केली की काका आधी विचारतात, “कशासाठी?” खोकल्याला हवा असेल तर कारवीचा देतच नाहीत. “त्याला जांभळाचा न्या, स्वस्त पडेल. हा चव घेऊन खायचा आहे.” आपला महागडा माल न विकणारा दुकानदार मेन रोडच्या परिसरात अजून शिल्लक आहे याचं मला फार बरं वाटलं.

त्यांच्या बाटलीवर छापील लेबल अगदी साधं, परवान्याचे आकडे चौदाच्या चौदा. खाली बॉलपेनने चार गोष्टी लिहिलेल्या : गावाचं नाव, पोळं कोणत्या माशीचं, काढणीचा महिना आणि साल. माझ्या बाटलीवर ‘सातेरी, आश्विन’ असं होतं. गावाचं नाव आणि साल इथे मुद्दाम लिहीत नाही. गाव लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या राहतील, आणि साल लिहिलं तर पुढचा बहर कधी ते कोणीही बोटांवर मोजेल.

सातेरी म्हणजे आपल्याकडची पेटीत राहू शकणारी मधमाशी, ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत घर करते. आग्या कड्यावर नाहीतर उंच झाडावर एकच मोठं उघडं पोळं लावते आणि पेटीत राहत नाही. कारवीवर दोघीही येतात. आग्याचा मध काढताना पुष्कळ ठिकाणी अजून जाळ करून माश्या मारतात आणि अंडी-पिल्लांसकट पोळं पिळतात. काकांना मध देणारे लोक सातेरीच्या पेट्यांतला मध यंत्रात फिरवून काढतात, पोळं मोडत नाहीत. त्यांचं म्हणणं मला सरळ वाटलं : ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी माशी जगवली नाही तर पुढच्या वर्षी जांभळाच्या आणि हिरड्याच्या फुलावर कोण येणार? महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली राज्यातलं पहिलं ‘मधाचे गाव’ केलं, तेव्हापासून आपल्या बाजूच्या पाड्यांवरही पेट्यांबद्दल विचारणा होते, असं काका सांगतात.

आता चव. हा मध गडद, जवळजवळ गुळाच्या काकवीच्या रंगाचा. दाट आहे, थंडीत चमचा उभा राहतो. पहिल्यांदा गोडी कमीच वाटते, मग घशाशी किंचित तुरटपणा येतो आणि तो बराच वेळ राहतो. मला ज्वारीच्या गरम भाकरीवर तूप आणि हा मध असा आवडला. चहात अजिबात घालू नका, पैसे वाया जातील. अर्ध्या किलोला सहाशे रुपये घेतात. स्टॉलच्या चौपट भाव झाला, पण सात-आठ वर्षांत एकदा येणाऱ्या फुलाचा मध चौपट भावात मिळतोय हे खरं तर स्वस्तच म्हणायला हवं.

माझी भाची कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. दोन्ही बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. “मावशी, चवीवरून निकाल देऊ नकोस, दे इकडे,” म्हणाली. तिने दोन्हींतला थोडा थोडा मध कोमट पाण्यात विरघळवला, यंत्रात गरगर फिरवला आणि तळाला बसलेला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माशी फुलावरून मकरंद आणते तेव्हा त्यासोबत परागकणही येतातच, आणि प्रत्येक फुलाचा कण वेगळा दिसतो. त्यावरून मध कोणत्या फुलाचा ते कळतं. एकाच फुलाचा म्हणवणाऱ्या मधात त्या फुलाचे कण साधारण ४५ टक्क्यांच्या वर असावेत असा संकेत आहे. स्टॉलच्या थेंबात कण जवळजवळ नव्हतेच. म्हणजे एकतर साखरेचा पाक, नाहीतर इतका गाळलेला की त्यात फुलाचा पुरावाच उरला नाही. काकांच्या थेंबात कणच कण, आणि बहुतेक एकाच जातीचे. तिच्या कॉलेजच्या संग्रहात कारवीचा जुना वाळवलेला नमुना आहे. त्याच्या परागकोशातली धूळ शेजारी ठेवून तिने मलाही बघायला लावलं. जुळत होते.

तेवढं करूनही ती म्हणाली, “हा एका बाटलीचा निकाल आहे हं, दुकानाचा नाही.” बरोबरच आहे. म्हणून मीही एका बाटलीचंच लिहितेय.

घरगुती परीक्षांबद्दल दोन शब्द, कारण हे वाचून कोणीतरी पाण्याचा ग्लास आणि काडेपेटी घेऊन बसणारच. मध पाण्यात तळाशी जातो का, काडी पेटते का, अंगठ्यावर पसरतो का, कुत्रा खातो का, याने काहीही सिद्ध होत नाही. दाट केलेला साखरेचा पाक या सगळ्या परीक्षा आरामात पास होतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० साली तेरा ब्रँडचे मध तपासले, तेव्हा प्रगत एनएमआर चाचणीत त्यातले दहा नापास झाले. नेहमीच्या चाचण्यांत त्यातले पुष्कळसे सुटले होते. जिथे प्रयोगशाळेला चकवता येतं तिथे आपल्या काडेपेटीची काय कथा! तसंच, मध थिजला, रवाळ झाला, म्हणजे साखर घातली असंही नाही. मधातली ग्लुकोज थंडीत कणी धरते. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला पुरेशी आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होतो, गॅसवर मात्र चढवू नका.

आता कापलेला अर्धा तारा. कारवीचा मध पावसाळ्याच्या शेपटाला तयार होतो. हवेत ओल असते, आणि माश्यांना मकरंदातलं पाणी उडवायला वेळ लागतो. पोळ्याच्या घरांवर मेणाची झाकणं पूर्ण बसायच्या आत घाईने काढला तर मधात पाणी जास्त राहतं आणि तो पुढे आंबतो. वीस टक्क्यांच्या आत पाणी असावं हा नियम आहे. माझ्या बाटलीला काही आठवड्यांनी वर बारीक फेस धरला आणि झाकण उघडताना हलका फुस्स आवाज आला. फार नाही, चव बिघडलेली नाही, फ्रीजमध्ये ठेवल्यावर थांबलं. पण एवढा भाव घेणाऱ्याने पाण्याचं प्रमाण मोजून लिहायला हवं. काकांना म्हटलं तर म्हणाले, “माझा जावई द्राक्षवाला आहे, त्याचं मीटर आणतो.” नाही चालत! द्राक्षाची गोडी मोजायच्या मीटरची पट्टी बत्तीस टक्क्यांच्या आसपास संपते, मधाची गोडी त्याच्या कितीतरी वर. मधाला वेगळ्या पट्टीचं मीटर लागतं. दिसायला अगदी सारखंच, महागही नाही. गावोगाव द्राक्षबागेत मीटर खिशात घालून फिरणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मधवाल्याकडे ते नसावं, याला अर्धा तारा जाणारच. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण पाझरतं, पिशवी चिकट होते, तो राग त्यातच धरला आहे.

घरात तान्हं मूल असेल तर एक सांगते. बाळाला मध चाटवायची आपली जुनी पद्धत आहे, पण एक वर्षाच्या आत कोणताच मध देऊ नका, कितीही शुद्ध असला तरी. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत पण तान्ह्या पोटात वाढून विष तयार करतात. काका स्वतःही गिऱ्हाईकाला हे सांगतात. याचे वेगळे तारे देता आले असते तर दिले असते.

जायचं असेल त्यांच्यासाठी : दुकान दुपारी एक ते चार बंद, आणि चार म्हणजे साडेचार. कारंजावर गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा. एका माणसाला एकच बाटली, दुसरी मागितली तर “घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा,” म्हणतात. आपली काचेची बरणी धुऊन कोरडी करून नेली तर वीस रुपये कमी घेतात आणि पाझरणाऱ्या झाकणाचाही प्रश्न उरत नाही. सध्या कारवीचा थोडाच उरला आहे. तो संपला की कारवीचा म्हणून दुसरा काही देत नाहीत, डबा रिकामा ठेवतात. वहीत फोन नंबर लिहून घेतात, पण फोन पुढच्या बहराशिवाय येणार नाही हेही तिथेच सांगून टाकतात. तोवर रानफुलांचा मिश्र मध न्या. त्याला मी साडेतीन देईन.